दिव्याची दहा मिनिटं

१

आमच्या घरात संध्याकाळचा दिवा लावणं हे तिघांचं काम होतं.

आधी मी अप्पांच्या नाकातली रबरी नळी काढून भिंतीतल्या खिळ्याला अडकवायचो. मग पान्यानं प्राणवायूच्या टाकीचा कॉक आवळून बंद करायचो. टाकीला जोडलेल्या बाटलीतलं पाणी बुडबुडायचं थांबलं की दार आणि खिडकी सताड उघडायचो आणि बोटांच्या पेरांवर शंभर मोजायचो. शंभर झाले की "हं" म्हणायचो. पडवीत काड्याची पेटी घेऊन थांबलेली अव्वा, माझी आई, आत यायची, देवळीतल्या बसवण्णापुढं वात लावायची, हात जोडून उभी राहायची. दहा मिनिटं दिवा आत जळायचा. मग तोच दिवा उचलून ती खिडकीबाहेरच्या कोनाड्यात ठेवायची आणि मी पुन्हा कॉक सोडायचो. रात्रभर आम्हाला उजेड मिळायचा तो खिडकीतून आत येईल तेवढाच.

तिसरं काम अप्पांचं होतं आणि तेच सगळ्यात अवघड. तेवढा वेळ त्यांना आपल्या जोरावर श्वास घ्यायचा असे.

सोलापूरच्या डॉक्टरांनी मला बजावून सांगितलं होतं, या हवेजवळ विस्तव आला तर घर पेटेल. कंदील नको, चिमणी नको, उदबत्तीसुद्धा नको. "खोलीत बल्बच वापरा," ते म्हणाले. मी मान हलवली. विजेचे खांब मैंदर्गीच्या ओढ्यापर्यंत येऊन थांबलेत आणि आमची वस्ती ओढ्याच्या पलीकडं आहे, हे त्यांना सांगायची मला लाज वाटली.

अव्वाला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "सैपाक मी पडवीत करते. कंदील भाईर ठिवते. पन सांजच्याला देवापुढं अंधार? मानूस आजारी हाय त्या घरात? न्हाय जमायचं."

मग आम्ही ही दहा मिनिटं काढली.

त्या दहा मिनिटांत मी अप्पांच्या समोर बसायचो. "माझ्याबरोबर घ्या अप्पा. आत. आता सोडा." त्यांच्या श्वासाची एक चाल होती. दोन छोटे घोट, मग थांबा, मग एक लांब, आणि सोडताना शेवटी बारीक शिट्टी. मीही तसाच श्वास घ्यायला शिकलो होतो. शिट्टी तेवढी मला येत नसे.

२

अप्पांचं नाव शंकरप्पा. त्यांनी बावीस वर्षं सोलापूरच्या एका गिरणीत, कापूस पिंजायच्या खात्यात काम केलं. मी लहान असताना ते सुट्टीला घरी यायचे तेव्हा त्यांच्या भुवयांत, कानांत पांढरे तंतू असायचे. अव्वा उन्हात बसवून ते वेचून काढायची. छातीतले कुणी वेचणार? मी सातवीत होतो त्या वर्षी ते कायमचे घरी आले. मी शाळा सोडली आणि चार एकराची ज्वारी बघायला लागलो. मला त्याचं फार वाईट वाटलं नाही. वर्गात उभं राहून बोलावं लागायचं, त्यातून सुटलो.

शेवटच्या वर्षात अप्पांना आडवं होता येत नसे. भिंतीला पाठ लावून बसूनच झोपायचे. त्यांच्या पाठीनं तिथला चुना गेला होता आणि खालची माती तेलकट दिसायला लागली होती.

टाकी माझ्या खांद्याएवढी उंच होती, अंग काळं आणि खांदे पांढरे. सोलापूरहून ती मालट्रकनं मैंदर्गीपर्यंत यायची आणि तिथून शेजारच्या ज्ञानबाकाकांच्या बैलगाडीतून. पहिल्यांदा आली त्या दिवशी अव्वानं तिच्या पांढऱ्या खांद्यावर भस्माचे तीन पट्टे ओढले. ज्ञानबाकाका हसले, "वैनी, लिंग बी बांधा की गळ्यात." अव्वा म्हणाली, "ह्येंला वाचवू दे, ते बी बांधते."

टाकीला एक तबकडी होती. भरलेल्या टाकीचा काटा दीडशेवर असे आणि हवा जाईल तसा खाली येई. रोज दुपारपासून सकाळपर्यंत, अगदी बारीक धारेवर, म्हणजे एक टाकी महिनाभर पुरायची. मी रोज दिवा लावायच्या आधी काटा बघून आकडा खडूनं भिंतीवर लिहायचो. काटा वीसवर आला की सोलापूरला निघायचं.

पौषातली गोष्ट. त्या संध्याकाळी मी ब्याऐंशी लिहिलं, नळी काढली, कॉक बंद केला, शंभर मोजले. अव्वानं वात लावली. मी अप्पांसमोर बसलो आणि आमचा श्वास सुरू झाला.

मध्येच माझं लक्ष बाटलीकडं गेलं. टाकीतली हवा पाण्यातून येते, म्हणून बाटलीत एक बारीक नळी बुडालेली असते. हवा चालू असली की त्या नळीच्या तोंडातून बुडबुडे निघतात. कॉक बंद असल्यामुळं बुडबुडे नव्हते. पण नळीत पाणी चढत होतं. पोरं उसाचा रस काडीनं ओढतात ना, तसं. अप्पांनी श्वास सोडला की पाणी दोन बोटं वर चढायचं. त्यांनी घेतला की उतरायचं, पण जेवढं चढलं तेवढं उतरायचं नाही.

दोन छोटे घोट, थांबा, मग लांब.

मी कॉकला हात लावून बघितला. घट्ट बंद होता. नळी खिळ्याला होती, अप्पा तिच्यापासून चार हात लांब.

सकाळी उजेडात तबकडी बघितली. चौऱ्याऐंशी.

३

मला वाटलं, मी खडूनं लिहिताना चुकलो. दुसऱ्या दिवशी दोनदा बघून लिहिलं. रात्रभर हवा वापरूनही सकाळी काटा होता तिथंच होता. मग मला वाटलं तबकडी बिघडली.

त्याच आठवड्यात टाकीच्या जोडाचा रबरी वायसर गेला म्हणून मला सोलापूरला जावं लागलं. टाक्यांच्या गोदामात मायाप्पा नावाचा माणूस होता. मोठ्या पोटाचा, सगळ्यांची थट्टा करणारा. मी अर्धा तास दारात उभा राहिलो तेव्हा त्यानंच हाक मारली.

"ये की आत. लग्नाला आल्यावानी का हुभारलास?"

मी वायसर मागितला. मग धीर करून विचारलं, "काटा वर जातोय का कधी? आपूआप?"

"कशाचा काटा?"

"टाकीचा."

"बायकोचं वजन कमी झालेलं कधी बघितलास का? तसं हाय ते," मायाप्पा म्हणाला आणि मागच्या हमालाकडं बघून हसला. मग माझं तोंड बघून जरा नीट बोलला. "उन्हात ठिवलास तर चढतोय थोडा."

"घरात असती. सावलीला."

"मग काटा अडकला आसंल. टिचकी मारत जा. आरं, ह्यातनं हवा भाईर येती, आत जात न्हाय. आत घालायला एवढं मोठं मशीन लागतंय. तुज्यात हाय का मशीन? लाईट तरी हाय का?"

"न्हाय."

"मग?" त्यानं वायसर माझ्या हातात ठेवला. "बाप कसा हाय?"

"बरा हाय."

मला आणखी विचारायचं होतं. बाटलीतल्या पाण्याचं सांगायचं होतं. पण मागं आणखी माणसं येऊन थांबली आणि मी तिथून निघालो. नवी पेठेतून अप्पांची औषधं घेतली. शेवटची गाडी चुकली म्हणून रात्र स्टँडवर काढली.

घरी पोचलो तर अव्वा पडवीत बसली होती. तिच्या दोन्ही तळहातांची साल निघाली होती.

आदल्या संध्याकाळी तिनं एकटीनं दिवा लावला होता. मी दाखवल्याप्रमाणं कॉक बंद केला, वात लावली, दिवा बाहेर ठेवला. पण परत कॉक तिला सुटेना. बंद करताना तिनं जीव खाऊन आवळला होता. ज्ञानबाकाका बाजारातून येईपर्यंत दोन तास अप्पा हवेशिवाय होते.

मी आत गेलो. अप्पा भिंतीला टेकून बसले होते, नाकात नळी होती, ओठ जांभळे.

"आलास?" ते म्हणाले. एवढं बोलायला त्यांना दोन श्वास लागले. "तू न्हवतास की... बरोबर घ्यायला."

मी त्यांच्या पायाला हात लावून सांगितलं, आता तुम्हाला सोडून कुठं जाणार नाही.

४

पण काटा वीसवर आला की जावंच लागणार होतं. दोन दिवस. काटा खाली येऊ नये एवढंच मला हवं होतं.

आणि काटा खाली येत नव्हता.

मला सगळं नीट सांगता येणार नाही, पण जे मी केलं ते सांगतो. दिवा आत असताना काटा चढतो हे मला आठवडाभरात कळलं. टिचक्या मारून बघितल्या, वायसर बदलून बघितला, तबकडीला कपडा गुंडाळून बघितला. दहा मिनिटांत पाच आकडे चढत. मी कुणाला बोललो नाही. एका संध्याकाळी मी दिवा आत पंधरा मिनिटं राहू दिला. सात आकडे चढले. मग वीस मिनिटं. मग अर्धा तास.

अव्वा खिडकीजवळ उभी राहून माझ्या "उचल" म्हणण्याची वाट बघायची. 

अप्पा एकदा म्हणाले, "आज दिवा... लई येळ जळतोय."

"देवाचा दिवा हाय अप्पा. जळू दे थोडा."

"जळू दे," ते म्हणाले.

त्यांच्या समोर बसून मी श्वास घेत होतो, पण माझे डोळे बाटलीवर असायचे. पाणी चढतंय का, किती चढतंय. मला आनंद व्हायचा. खरंच व्हायचा. भिंतीवरचे आकडे वर जात होते. ब्याऐंशी, नव्वद, एकशे चार, एकशे वीस. मला वाटायचं अप्पांसाठी मी साठवतोय. आता उन्हाळा निघेल, पाऊसकाळही निघेल.

त्याच दिवसांत अप्पा हलके व्हायला लागले. परसाकडला न्यायला मी त्यांना उचलायचो. आधी माझी पाठ भरून यायची. मग मी एका हातानं दार लावू शकायला लागलो. दुखणंकरी माणूस वाळतोच, असं मी मनाशी म्हणायचो.

माघ संपत आला होता. त्या संध्याकाळी भिंतीवर एकशे अठ्ठेचाळीस लिहिलं. नळी काढली, कॉक आवळला, शंभर मोजले. अव्वानं वात लावली.

"माझ्याबरोबर घ्या अप्पा."

ते माझ्याकडं बघत नव्हते. बाटलीकडं बघत होते. मला वाटतं त्यांना बरेच दिवस माहीत असावं. त्यांनी दोन छोटे घोट घेतले. थांबले. मग लांब श्वास सोडला, शिट्टी वाजेपर्यंत, शिट्टी संपेपर्यंत. बाटलीतल्या बारीक नळीत पाणी चढलं आणि वरच राहिलं.

"आत घ्या अप्पा. आता आत."

मी स्वतः घेऊन दाखवला. दोनदा, तीनदा घेऊन दाखवला.

अव्वानं माझ्या डोक्यावर हात ठेवला तेव्हा पाणी खाली पडलं, गुडूप असा आवाज करून. काटा दीडशेवर होता.

५

आम्हा लिंगायतांत माणसाला बसवून पुरतात. मांडी घालून, हातात लिंग देऊन, तोंडाला भस्म लावून. शेताच्या वरच्या कोपऱ्यात खड्डा घेतला. विधीला आलेले स्वामी म्हणाले, आता आडवं झालं तरी चालेल अशा वेळी बी बसायचंच हाय शंकरप्पाला. ते सहज म्हणाले. मला ते सहन झालं नाही, मी बांधाच्या पलीकडं जाऊन उभा राहिलो.

पाचव्या दिवशी ज्ञानबाकाका गाडी जुंपून आले. "टाकी परत करायची न्हवं का?"

"उद्या," मी म्हणालो.

ते गेल्यावर मी टाकीजवळ बसलो. संध्याकाळ होत आली होती. अव्वानं दिवा लावून बाहेर ठेवला होता, सवयीनं. मला बघायचं होतं की टाकी खरंच भरली आहे का तबकडी खोटी आहे. मी पाना लावून कॉक पाव वळसा सोडला.

नेहमी हवा सोडली की बाटली एकसारखी बुडबुडते, भात शिजतो तशी. त्या दिवशी तसं झालं नाही. दोन छोटे बुडबुडे आले. मग पाणी थांबलं. मग लांब धार आली, आणि शेवटी नळीतून बारीक शिट्टी.

मी भिंतीला टेकून बसलो, अप्पांच्या जागी. किती वेळ ते कळलं नाही.

त्यानंतर रोज. दिवा बाहेर गेला की मी पाव वळसा सोडायचो आणि ऐकत बसायचो. काटा रोज खाली यायचा. एकशे चाळीस. एकशे बावीस. मी स्वतःला समजावलं की वायसर पुन्हा झिजला आहे, हवा अडखळत येते, म्हणून असा आवाज होतो. सोलापूरला मायाप्पाला विचारलं तर तो हेच सांगेल. मी विचारायला गेलो नाही.

काटा साठवर होता तेव्हाची गोष्ट. बाहेर अजून थोडा उजेड होता. मी गुरं बांधून उशिरा आत आलो. त्या दिवशी मी कॉक सोडलाच नव्हता असं मला वाटतं. पण बाटली वाजत होती. कोनाड्यातल्या दिव्याचा उजेड खिडकीतून भिंतीवर पडला होता, चुना गेलेल्या जागेवर.

नळी खिळ्याला नव्हती.

ती त्या जागेसमोर होती. जमिनीपासून दोन हात वर. बसलेल्या माणसाचं नाक जिथं येतं तिथं. तिची दोन्ही टोकं भिंतीकडं वळलेली होती आणि ती कशालाही अडकलेली नव्हती. बाटलीत दोन बुडबुडे आले, थांबले, मग लांब धार. टोकं जराशी वर झाली, जराशी खाली.

मी पाना शोधून कॉक आवळला. नळी जमिनीवर पडली.

सकाळी मला वाटलं, खिळ्यावरून घसरली असेल. उजेड कमी होता. पण मला खरं भय नळीचं वाटलंच नव्हतं. मी रात्रभर जागा राहिलो ते दुसऱ्याच गोष्टीमुळं. तो श्वास मोकळा झालेल्या माणसाचा नव्हता. तीच धाप होती, तीच ओढाताण. अप्पा सुटले असं सगळे म्हणत होते. ते सुटले नव्हते. मी त्यांना दहा-दहा, वीस-वीस मिनिटं करून त्या लोखंडात घातलं होतं आणि ते तिथं बसून होते.

असं असूनही दुसऱ्या संध्याकाळी मी कॉक सोडला. मला तो आवाज पाहिजे होता.

काटा वीसवर आला तेव्हा हात आवरला. कॉक बंद केला, भिंतीवर वीस लिहिलं. तेवढं आपल्याजवळ राहू दे, म्हटलं.

६

चैत्रात अव्वाला धाप लागायला लागली. विहिरीवरून घागर आणताना ती बांधावर बसायची. तिनं कधी गिरणी बघितली नव्हती, तिच्या छातीत कापूस नव्हता.

"ऊन लई हाय औंदा," ती म्हणायची.

मी तबकडीकडं बघायचं सोडून दिलं होतं. एका संध्याकाळी नजर गेली. भिंतीवर वीस लिहिलेलं होतं. काटा सव्वीसवर होता. दोन दिवसांनी एकतीस. मी कॉकला हात लावला, घट्ट बंद होता. मग मी तिसऱ्या दिवशी शेतातून लवकर आलो आणि दारात थांबलो.

अव्वा आत दिवा लावून बसली होती. चुना गेलेल्या जागेच्या शेजारी, भिंतीला टेकून, डोळे मिटून. दोन छोटे घोट घेत होती. थांबत होती. मग लांब सोडत होती. बाटलीत पाणी चढत होतं.

मी दिवा फुंकायला धावलो. देवाचा दिवा फुंकू नये हे मला त्या क्षणी आठवलं आणि मी तो उचलून बाहेर कोनाड्यात ठेवला.

"का करायलीस हे?" मी ओरडलो. मी आयुष्यात अव्वावर ओरडलो नव्हतो.

"त्येंला एकट्याला जमत न्हाय की," ती म्हणाली. "तू बसायचास न्हवं समोर? आता तू बसत न्हाईस. मी बसते."

"ते न्हाईत तितं."

"मग तू रोज का सोडत हुतास?"

मी खिळ्यावरच्या नळीकडं बघितलं.

"मी दाराआड बसून आयकत हुते," ती म्हणाली. मध्ये श्वासाला थांबली. "आदीबी मला समदं दिसत हुतं. तू धाची तीस मिन्टं केलास. पानी चडताना मीबी बघत हुते की, हितं खिडकीत हुभारून."

"मग बोलली का न्हाईस?"

अव्वानं आपले तळहात उघडून बघितले. साल भरून आली होती, तिथली कातडी अजून गुलाबी होती.

"तुला परत सोलापूरला जायाला लागू ने म्हनून," ती म्हणाली. "माज्यानं त्यो कॉक सुटत न्हवता, चन्नवीर."

मी तिच्याजवळ बसलो. तिचे ओठ मला दिसले. जांभळे. तो रंग मी वर्षभर बघितला होता, मला तो अंधारातही ओळखता येत होता. काटा चौतीसवर होता.

मी खिळ्यावरची नळी काढली आणि तिच्या नाकाला लावली. तिनं माझा हात ढकलला. "ती त्येंची हाय." मी एका हातानं तिचे दोन्ही हात धरले आणि दुसऱ्या हातानं पाना फिरवला.

पहिल्यांदा बाटली मऊ वाजली. सारखे, लहान बुडबुडे, विहिरीवरून गाणं म्हणत येणाऱ्या बाईच्या श्वासासारखे. तो अव्वाचा श्वास होता, तिचा तिला परत चालला होता. तीस. सव्वीस. तिचे हात सैल पडले. गालाला थोडा रंग आला. बावीस.

मग दोन छोटे बुडबुडे आले, आणि पाणी थांबलं.

अव्वानं डोळे उघडले. काटा वीसवर होता. घाबरली की ती कानडीत बोलते. "साकू," ती म्हणाली. "साकू, मगा." पुरे, लेकरा, पुरे. "तितनं खाली त्येंचं हाय. ठिव. तेवडं ऱ्हाऊ दे."

पाना माझ्या हातात होता. पाव वळसा फिरवला असता तर वीस राहिले असते. पुढं कधीतरी एखाद्या संध्याकाळी मला अप्पा ऐकायला मिळाले असते. पण तिच्या ओठांचा रंग अजून पुरता गेला नव्हता. आणि टाकीत खाली अप्पा धापा टाकत बसले होते, आम्ही दोघं सोडेपर्यंत ते तिथून उठणार नव्हते.

मी कॉक बंद केला नाही.

दोन घोट, थांबा, लांब. अव्वानं डोळे मिटले आणि त्याच चालीत श्वास घ्यायला लागली. मीही घ्यायला लागलो. तिघांचा श्वास एका चालीत चालला होता. पंधरा. नऊ. चार. बुडबुडे बारीक होत गेले. मग एक मोठा बुडबुडा आला, पाण्यावर थोडा वेळ टिकला आणि फुटला. काटा शून्यावर टेकला.

अव्वाच्या लक्षात आलं. तिनं तो शेवटचा श्वास आत घेतला होता. तिनं तोंड घट्ट मिटलं आणि पदराचा बोळा करून नाकावर दाबला. सोडेना.

मी सवयीनं बोटांची पेरं मोजायला लागलो. वीस. तीस. तिच्या गळ्याच्या शिरा तटतटल्या. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती माझ्याकडं बघून मान हलवत होती, नाही, नाही. चाळीस. मी म्हणालो, "सोड, अव्वा." त्रेचाळीस. "सोड. त्यांना आडवं होऊ दे आता."

तिनं पदर काढला.

श्वास लांब गेला. फार लांब. आणि शेवटी बारीक शिट्टी वाजली. अव्वाच्या श्वासाला शिट्टी कधी नव्हती.

बाहेर कोनाड्यातल्या दिव्याची ज्योत वाकली, शेताच्या वरच्या कोपऱ्याच्या बाजूला, जिथं अप्पांना बसवलं होतं. झाडाचं पान हलत नव्हतं. मग ज्योत सरळ झाली.

बाटलीतलं पाणी स्वच्छ आणि स्थिर होतं. अव्वा त्याच्याकडं बघत होती. तिची छाती भरून वर येत होती आणि खाली जात होती, सरळ, एकसारखी, आणि प्रत्येक श्वासाला ती रडत होती.

"दिवा आत आन," ती शेवटी म्हणाली.

मी उठलो. दारात माझी बोटं आपोआप पहिल्या पेरावर गेली. मी ती सोडवली आणि न मोजता दिवा आत आणला.